बेळगावात बसून गाडीची स्पेशल हत्यारं स्वस्तात कशी जमवायची

घरात गाडी उघडणाऱ्याचं घोडं साध्या पान्यापाशी अडत नाही. दहा-अकरा, बारा-तेराचा पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर सगळ्यांच्याकडं असतंय. घोडं अडतंय ते मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या, इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकावरचं चुंबकाचं चाक, निघंना झालं की, नाहीतर कव्हर उघडल्यावर आत असा एक नट दिसला की ज्याला घरातला एक पाना लागत नाही, आणि रविवारचे साडेबारा वाजल्यात, दुकानं बंद, आत आई जेवायला हाका मारायलीय, अंगणात इंजिन उघडं. मग माणूस काय करतंय? छिन्नी घेतंय.

मी पण घेतलो. घरातली जुनी स्प्लेंडर, क्लच कव्हर काढलो तर आत गोल नट आणि त्याला चार खाचा. छिन्नी खाचेत लावून ठोकलो, दोन ठोक्यात काही झालं नाही, तिसऱ्याला खाचेची कडच उडाली आणि तो कपरा गेला आत तेलात. नट स्वस्तातला, खरं तो कपरा शोधायला आणि नवं तेल घालून, फिरवून, परत काढून आतलं धुवायला दोन रविवार गेले. त्या नटाचा पाना नंतर मी भंगारातल्या गोटीपासून, म्हणजे सॉकेट पान्यापासून, घरातच केलो, त्याची गोष्ट खाली येतीय.

तेव्हापासून माझा एक नियम झालाय. जे हत्यार नुसतं ओढतंय, धरतंय किंवा ठोकतंय ते बनवून घ्यायचं, नाहीतर कुणाचं तरी आणायचं. जे हत्यार मोजतंय ते मात्र चांगलं बघून विकत घ्यायचं, आणि घेतल्यावर पण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. बहुतेक जण बरोबर उलटं करतात. पुलर, म्हणजे घट्ट बसलेला पार्ट ओढून काढायचं हत्यार, ऑनलाइन महागाचा मागवतात आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक करणारा पाना, सगळ्यात स्वस्तातला.

आधी हत्यार काय करतंय ते समजून घ्या

सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक स्पेशल टूलला एक लांबलचक नंबर असतोय आणि तो बघून आपण घाबरतो, वाटतंय हे कंपनीशिवाय मिळणारच नाही. खरं त्या चित्राकडं नीट बघा. मॅग्नेट पुलर म्हणजे काय, बाहेरून आटे असलेला एक लोखंडी डबा आणि त्याच्या मधनं जाणारा एक बोल्ट, बस्स. आटे मॅग्नेटमध्ये बसतात, बोल्ट क्रँकच्या टोकाला रेटतोय, मॅग्नेट टप्पकन सुटतंय. होंडाच्या जुन्या घराण्यातल्या इंजिनांत जो खाचांचा लॉकनट येतोय त्याचा पाना म्हणजे पुढं चार दात असलेली नळी. दातांचं नेहमीचं माप बाहेरनं २४ आणि आतनं २० मिमी, तरी आपल्या गाडीचं आपण मोजूनच घ्यायचं. स्टेअरिंगच्या कोनसेटचा, म्हणजे तिथल्या बेअरिंगच्या नटाचा, सी-पाना म्हणजे नुसता एक हूक. एकदा ही चित्रं डोक्यात बसली की निम्मी भीती जातीय आणि दुकानात विचारायला पण तोंड उघडतंय.

त्यासाठी पहिली खरेदी माप घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर. डायलवाला नको, डिजिटल पण नाही घेतला तरी चालतंय, साधा ०.०२ मिमीपर्यंत वाचणारा. वाचायला अर्ध्या तासात येतंय आणि सेल संपायची भानगड नाही. त्याच्याबरोबर आट्यांची पट्टी घ्या, म्हणजे पिच गेज, पात्यांची जुडी असतीय, आट्यांवर लावून बघायची, जी पाती फटीशिवाय बसती ते पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. ही दोन हत्यारं खिशात असली की बाकीची निम्मी हत्यारं स्वस्त होतात, कसं ते लेथवाल्या टर्नरकडं गेल्यावर कळेल.

दुकानं तीन जातीची

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मॅग्नेट पुलर मागितला तर तो तुम्हाला तीन पायांचा बेअरिंग पुलर काढून दाखवेल. तो मॅग्नेटला लावायचा नाही, कधीच नाही. कडेला पाय अडकवून ओढलं की मॅग्नेट वाकतंय, नाहीतर आतले चुंबकाचे तुकडे सुटतात. हार्डवेअरकडनं काय घ्यायचं तर पक्कड, कानस, हॅक्सॉ, एलन कीचा सेट, वायरब्रश.

दुसरं स्पेअर पार्टचं दुकान. मेकॅनिक लोकांची खरी हत्यारं इथं मिळतात खरं दिसत नाहीत, कारण ती काउंटरमागं खिळ्याला नाहीतर एखाद्या डब्यात पडलेली असतात आणि तुम्ही मेकॅनिक दिसत नाही म्हणून कोण दाखवत नाही. गाडीचं नाव आणि साल सांगून विचारायचं, 'अण्णा, पल्सरचा मॅग्नेट पुलर आहे काय, टॅपेट की आहे काय.' जास्त खपणाऱ्या गाड्यांचे पुलर, टॅपेट की (वॉल्व्हची फट लावायचं हत्यार), लांब प्लग पाना हे सगळं तयार मिळतंय आणि इतक्या कमी पैशात की टर्नरकडं जाऊन करून घेण्यात काय अर्थ नाही. माझा स्प्लेंडरचा पुलर असाच घेतल्याला, एका जेवणाच्या पैशात. फक्त घेताना आटे नखानं चाचपून बघा, धार बोथट असली की दुसरा मागा.

तिसरी जात म्हणजे उद्यमबागेच्या बाजूची दुकानं. तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं खानापूर रोडला गेलं की फाउंड्रीवाले, हायड्रॉलिकवाले, मशीन शॉपवाले, सगळ्यांना लागणारा माल विकणारी दुकानं तिथं आहेत. आपल्यासारख्या घरबसल्या मेकॅनिकाला ही जागा म्हणजे खजिना. फट मोजायचं फीलर गेज, आटे पाडायचे टॅप-डाय, गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या हेलिकॉइलचा सेट, चांगल्या पोलादाचे बोल्ट, बेअरिंग, सर्क्लिप पक्कड. पुण्या-मुंबईवाल्यांना ज्याच्यासाठी पेठा आणि नागदेवी स्ट्रीट पालथी घालायला लागती ते आपल्याला रिक्षानं जायच्या अंतरावर. आणि एक मजा, तिथं ८.८ चा बोल्ट मागितलात की १०.९ पाहिजे काय म्हणून उलट विचारतात. डोक्यावरचा तो आकडा म्हणजे बोल्टाची ताकद, आकडा मोठा तेवढा बोल्ट कडक. पुलरच्या मधल्या बोल्टाला १२.९ चा घ्या, एलनच्या काळ्या बोल्टावर हा आकडा सहज सापडतोय.

पक्कं बिल घेतलं की हाताच्या हत्यारांवर १८ टक्के जीएसटी पडतंय. पान्या-पकडीला बिल नाही घेतलं तर काय बिघडत नाही म्हणणारे आहेत, खरं टॉर्क रेंचला आणि व्हर्नियरला बिल घ्याच, बदलून मागायची वेळ येतीय.

टर्नर मामा

ज्या गाडीचं हत्यार दुकानात नाही, म्हणजे जुनी येझदी, एखादी बंद झालेली मॉडेलं, नाहीतर पहिल्या जमान्यातली बुलेट जिच्यात इंग्रजी मापाचे आटे निघतात, तिच्यासाठी लेथवर जायचं. येझदी तर कर्नाटकाचीच, म्हैसूरला व्हायची, आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद झाला खरं गाड्या अजून गावोगावी आहेत.

मित्राच्या येझदीसाठी मी पुलर करून घेतलो तेव्हाचं सांगतो, कारण त्यात सगळं येतंय.

आधी मॅग्नेटच्या आतले आटे रॉकेल लावून वायरब्रशनं साफ केलो. घाणीवर माप घेतलं की ते चुकतंच. मग व्हर्नियरच्या वरच्या चिमट्यानं आतलं माप घेतलो. इथं एक गंमत आहे, आतल्या आट्यांच्या टोकापासून टोकापर्यंत जे माप येतंय ते आट्यांच्या नावाच्या मापापेक्षा साधारण एका पिचएवढं कमी असतंय. म्हणजे उदाहरणाला, आत २५.९ आलं आणि पिच १ चं बसलं तर ते आटे २७ बाय १ चे. नुसतं '२६ चं करा' म्हणून सांगितलात तर मामा करतील २६ चं आणि ते आत लडबड हालेल. दुसरं बघायचं म्हणजे आटे सुलटे की उलटे. मॅग्नेट समोर धरून आटे कुठल्या बाजूला चढतात ते बघा, शंका असली तर मॅग्नेटच घेऊन जावा. कागदावर चित्र काढा, मापं लिहा, आणि तरी पण मूळ वस्तू पिशवीतनं घेऊन जावाच. टर्नर माणूस चित्र बघून मान डोलवतोय, खरं विश्वास वस्तूवर ठेवतोय.

उद्यमबागेत मोठ्या शॉपमध्ये एक नगाचं काम सांगितलं की कोण बघत नाही, त्यांची ऑर्डर शेकड्यात. एक-दोन लेथ टाकून बसलेला माणूस शोधायचा. मी गेलो ते मामा कन्नड बोलणारे, मशीन चालूच, वर न बघता विचारले, 'एष्ट बेकरी?', किती पाहिजेत. मी म्हणालो, 'ओंदs', एक. त्यावर मशीन बंद करून एकदा माझ्याकडं बघितले. पिशवीतनं मॅग्नेट काढून हातात दिलो, तसं हातात फिरवून, अंगठ्यानं आटे चाचपून हसले, 'येझदीदु!' मग पुढची दहा मिनिटं त्यांच्या स्वतःच्या येझदीची गोष्ट, निम्मी कन्नडात, निम्मी मराठीत. काम होणार हे तिथंच कळलं. कधी होणार ते मात्र 'नाळे बर्री'. उद्या या. तो उद्या चौथ्या दिवशी आला. कामाला घाई असेल तर चार उद्या धरूनच गाडी उघडा.

काय सांगून करून घ्यायचं ते लिहून ठेवा. माल साध्या माइल्ड स्टीलचा नको, ईएन ८ सांगा, ते त्याच्यापेक्षा कडक पोलाद. माझा पहिला पुलर मी पैसे वाचवायला साध्या शाफ्टच्या तुकड्यातनं करून घेतलो होतो, दुसऱ्याच गाडीला पुलरचेच आटे सोलून निघाले, त्यातल्या त्यात नशीब मॅग्नेटचे वाचले. उद्यमबागेत ईएन ८ चे तुकडे शॉपच्या कोपऱ्यात पडलेलेच असतात, मामा वजनावर लावतात. आटे निदान दहा-बारा मिमी लांब पाहिजेत, सगळे आत बसले पाहिजेत. बाहेरनं दोन बाजू सपाट करून घ्या म्हणजे पाना लागेल. मधल्या बोल्टाचं टोक बारीक खोलगट करून तिथं बेअरिंगची एक गोळी ग्रीस लावून बसवा, त्यानं क्रँकचं टोक चेपत नाही. ही गोळीची युक्ती मामांचीच.

वापरताना पुलर हातानं शेवटपर्यंत बसवायचा, मग मधला बोल्ट आवळायचा, घट्ट झाला की बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचा एक नीट ठोका द्यायचा. ठोका मॅग्नेटवर नाही, बोल्टाच्या डोक्यावर. नाही सुटलं तर अजून पाव फेरी आणि परत एक ठोका.

घरातच होणारी हत्यारं

आता त्या चार दातांच्या पान्याची गोष्ट. भंगारवाल्याकडनं २४ बाहेर भरेल अशी जुनी गोटी आणलो, कडा गेलेली असली तरी चालती, आपल्याला तिचं तोंड नकोच आहे. नटावर पांढरा खडू घासून कागद दाबलो, खाचांचा ठसा उठला, तो कागद गोटीच्या तोंडावर चिकटवून खुणा केलो आणि अँगल ग्राइंडरनं मधला माल काढून चार दात ठेवलो, शेवटचं कानशीनं. ग्राइंडर मारताना दर चार-पाच सेकंदाला पाण्यात बुडवायचं. दात निळा पडला की त्याचं पाणी उतरलं, मग तो नटाऐवजी स्वतःच वाकतोय. माझा पहिला दात असाच निळा पडलाय, अजून आहे, तो जरा बाहेर फाकलाय. चष्मा घाला, हे सांगायला लागू नये खरं सांगतो.

नट सोडताना इंजिन फिरतंय, ते धरायचं कसं हा पुढचा घोळ. क्लचच्या कामाला जुन्या क्लच प्लेटी उपयोगी पडतात, टाकू नका. एक स्टीलची आणि एक अस्तराची प्लेट एकमेकीला बोल्ट मारून जोडली की हब आणि बास्केट, म्हणजे क्लचचा आतला आणि बाहेरचा भाग, एकमेकांना धरून बसतात, वर एक पट्टी वेल्डिंग करून घेतली की झाला होल्डर. गॅरेजवाला प्लेटी फुकट देतोय. दुसरी युक्ती नायलॉनच्या दोरीची, प्लगच्या भोकातनं स्वच्छ दोरी आत सोडायची, पिस्टन वर येऊन तिच्यावर दाबून बसतोय आणि क्रँक थांबतोय. फोर स्ट्रोकला हे करताना कॉम्प्रेशनचा स्ट्रोक धरा म्हणजे दोन्ही वॉल्व्ह बंद असतात, आणि दोरीचं एक टोक बाहेर बांधून ठेवा. आरएक्स १०० आणि तसल्या टू स्ट्रोकला मात्र जपून, पिस्टन बराच वर आणूनच दोरी भरा, नाहीतर ती पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या बाजूच्या भोकात, घुसून तिथंच चावली जाती. आणि मॅग्नेट धरायला त्याच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालणाऱ्यांना काय म्हणावं कळंना. जुना पट्टा आणि पाइपाचा तुकडा, झाला पट्टा-पाना.

पुढच्या फोर्कच्या सीलला ड्रायव्हर म्हणून पीव्हीसी पाइपचा तुकडा. फोर्कच्या नळीवरनं सैल जाईल आणि सीलच्या बाहेरच्या कडेवर टेकेल असं माप बघायचं, नळवाल्याच्या दुकानात व्हर्नियर घेऊन जावा, तो जरा विचित्र बघेल. टोक काटकोनात सरळ कापा आणि कानशीनं गुळगुळीत करा. फोर्कच्या तळातला एलन बोल्ट सोडताना आतला डॅम्पर रॉड गरागरा फिरतोय, त्याला खराट्याचा दांडा टोक निमुळतं करून वरनं आत दाबून धरायचा. कंपनीचं हत्यार हेच काम करतंय, फक्त ते चकचकीत असतंय.

चाकाचं बेअरिंग काढायला आत धरायची जागा नसली तर बांधकामाच्या दुकानातला रॉल बोल्ट आणा, आतल्या भोकात सैल जाणारा. तो आवळला की फुगतोय आणि बेअरिंगला आतनं पकडतोय, मग पलीकडनं लांब गज घालून बोल्टाच्या मागच्या टोकाला ठोकायचं. हब आधी गरम पाण्यानं चांगला तापवून घ्या. नवीन बेअरिंग बसवताना जुन्या बेअरिंगचीच बाहेरची कडी मध्ये ठेवून ठोका, आणि ठोका नेहमी बाहेरच्या कडीवर पडला पाहिजे.

मागच्या शॉकची स्प्रिंग दाबायचं हत्यार मात्र घरात करू नका. दोन बोल्ट आणि पट्ट्या लावून करतात लोक, ते सुटलं की तोंडावर येतंय. शॉक काढून पिशवीत घालून गॅरेजला न्यायचा, ते दाबून देतात.

स्क्रूचं एक

कार्ब्युरेटर आणि ब्रेकच्या डबीवरचे फुलीचे स्क्रू आपल्या हातनं एवढे का चुरगाळतात, तर जपानी घराण्यातल्या गाड्यांत ते फिलिप्स नसतात, जेआयएस असतात. दिसायला सारखे, खरं खाच वेगळी, फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बुडत नाही आणि जोर लावला की वर उसळतंय. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतोय, ती खूण. जेआयएसचे दोन ड्रायव्हर, दोन आणि तीन नंबर, चांगल्या कंपनीचे ऑनलाइन मागवा, इथं दुकानात मला मिळाले नाहीत. आणि एक हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, तो मिळतोय. ह्या तिघांनी माझे जेवढे पैसे वाचवले तेवढे कुठल्या पुलरनं वाचवले नाहीत.

मोजायची हत्यारं

फीलर गेजला फार विचार नको, बारीक पाती ०.०५ पासून असलेली जुडी घ्या, पात्यांना तेल लावून ठेवा. टॅपेटचा गॅप गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच, इंजिन गार असताना. यूसीई, म्हणजे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनाच्या बुलेट-क्लासिकवाल्यांनी हे वाचून सोडून द्या, तुमच्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, गॅप लावायचाच नसतोय.

टॉर्क रेंचवर मात्र जरा बसतो. मी पहिला घेतलो तो सगळ्यात स्वस्त, ऑनलाइन, नाव नाही सांगत. ड्रेन बोल्टाला २० न्यूटन मीटरला लावलो, आवळायलोय आवळायलोय, टकचा आवाज येईना, वाटलं अजून जरा, आणि मग हाताला एकदम मऊ लागलं. ज्यानं आटे घालवल्यात त्याला तो मऊपणा माहीत आहे. अॅल्युमिनियमचं क्रँककेस, आटे बोल्टाबरोबर बाहेर स्प्रिंगसारखे आले. उद्यमबागेत हेलिकॉइल घालून घेतलो, रेंचच्या किमतीपेक्षा जास्त गेले.

त्यानंतर नवीन रेंच आणला की मी पहिला तो पाण्याच्या कॅनवर तपासतो. रेंचचा चौकोनी खुंटा शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, घट्ट धरायचा, दांडा जमिनीला आडवा. खुंट्याच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत ३० सेंटिमीटर मोजून खूण करायची आणि तिथं दोरीनं रिकामा कॅन अडकवायचा. रेंच २० ला लावायचा. मग तांब्यानं हळूहळू पाणी ओतत जायचं. हिशोब असा, किलो गुणिले ९.८१ गुणिले मीटरमधलं अंतर म्हणजे न्यूटन मीटर, तर ३० सेंटिमीटरवर २० साठी कॅनसकट साधारण ६.८ किलो लागतात, दांड्याचं स्वतःचं वजन पण खाली ओढतंय म्हणून जरा आधीच टक होतंय. ६ ते ७ च्या मध्ये टक झालं तर घरच्या कामाला रेंच बरा. बॅगा मोजायचा काटा असला तर कॅनचं वजन त्यावर बघा, नाहीतर एक लिटर म्हणजे एक किलो. माझा तो पहिला रेंच ह्याच्यावर लावलो तर दहा लिटरचा कॅन काठोकाठ भरला, म्हणजे २९ च्या वर गेला, तरी गप्प. आई म्हणाली पाणी झाडाला तरी घाल.

मोठा अर्ध्या इंचाचा रेंच कारवाल्यांसाठी असतोय, त्यात खालचे आकडेच नसतात. आपल्याला साधारण ५ ते २५ चा पाव इंची एक आणि चाकाच्या, स्प्रॉकेटच्या नटांना मोठा एक. एकच परवडत असेल तर छोटा घ्या, कारण आटे जातात ते बारीक बोल्टांचे. प्लगलाच बघा, १० मिमी आट्याच्या प्लगला १० ते १२ न्यूटन मीटर एवढंच लागतंय, १२ मिमीला १५ ते २०, १४ मिमीला २५ ते ३०. काम झालं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा आणि त्यानं नट सोडायचा नाही.

भंगार, ऑनलाइन, कोल्हापूर

भंगारात जाताना हत्यार शोधायला जाऊ नका, पोलाद शोधायला जावा. जुन्या नावाजलेल्या कंपन्यांचे पाने, टपारिया, झलानी, गेडोर, गंजलेले असले तरी उचला, रॉकेलात रात्रभर ठेवून वायरब्रश मारला की निघतात. तोंड फाकलंय काय ते बघायला खिशात एक नवीन बोल्ट ठेवा, लावून बघा, हालला की ठेवून द्या. गोटी घेताना सहा कोनांची घ्या, बारा कोनांची घट्ट नटाची कड घालवती. एखादं गॅरेज बंद व्हायलंय कळलं तर पहिला पळा, तिथं पुलरांचा डबाच मिळतोय, कुठला कुठल्या गाडीचा ते कुणाला माहीत नसतंय म्हणून किलोवर देतात. तुमच्याकडं पिच गेज आहे.

ऑनलाइनला 'युनिव्हर्सल' लिहिलेलं काही घेऊ नका, ते कुठल्याच गाडीला नीट बसत नाही. फोटो बघून नाही, मापं लिहिलीत काय ते बघून घ्या. पत्त्यात बेळगाव लिहा, २०१४ पासूनचं बेळगावी लिहा, पिनकोड बरोबर असला की पार्सल येतंय. निपाणी, चिकोडीवाल्यांना उद्यमबाग लांब पडती, तुम्हाला कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ, तिथं पण लेथवाले हवे तेवढे. चंदगडकडच्यांना शिनोळी आहे. आम्ही बेळगाववाले मात्र एका पुलरसाठी कोल्हापूरला जाऊ नये, पेट्रोल पुलरपेक्षा जास्त, अंबाबाईला गेलात तर जमवा आणि टाकी इकडंच फुल्ल करून जावा, तिकडं पेट्रोल महाग.

२०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस ६ गाड्यांना अजून एक खर्च आलाय, स्कॅनरचा. बऱ्याच गाड्यांत सहा पिनांचं लाल कनेक्टर असतंय, त्याला सोळा पिनांची जोडवायर आणि ब्लूटूथचं ओबीडी यंत्र लावून मोबाइलवर गाडीच्या बिघाडाचे कोड वाचता येतात. कोड वाचून पुसण्यापुरतं ते स्वस्तात होतंय, एबीएसचं ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकमधली हवा काढणं, वगैरे त्यात होईल ही आशा ठेवू नका. हे एकट्यानं घ्यायचं हत्यारच नाही, वर्षातनं दोनदा लागतंय.

आम्ही पाच जण आहोत, कोण वडगावचा, कोण अनगोळचा, एक हिंडलग्याचा. चेन तोडायचं हत्यार, स्कॅनर, बॅटरीचा इम्पॅक्ट रेंच हे वर्गणी काढून घेतलोय. इम्पॅक्ट रेंच असला की वरच्या धरायच्या भानगडी निम्म्या जातात, नट धरायच्या आत सुटतोय, फक्त आवळायला तो वापरायचा नाही. चेनचं हत्यार घेताना पाचही जणांच्या चेनीचे नंबर बघितलो, चारांची ४२८, एकाची ड्यूक, तिची ५२०, म्हणून दोन्हीला चालणारं घेतलो. माझ्याकडं एक वही आहे, कुठलं हत्यार कुणी कधी नेलं त्याची. वहीत येझदीचा पुलर दिवाळीपासून हिंडलग्याला आहे. हिंडलग्याचा म्हणतोय मी अनगोळला दिलोय. अनगोळचा फोन उचलंना.